उचंत खातं

ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांचे हिशेब तपासले.
ज्या रकमेचं घर सापडत नाही
ती उचंत खात्यात टाकायची,
नि दर मार्चला पानाच्या तळाशी लिहायचं :
पुढे नेले.

तशीच ही कंबर.
अकरा मार्च झाले, पुढे नेतेय.

पहिली नोंद आहे माझ्याकडे, तारखेसकट.
शिवपुरीच्या पाटबंधाऱ्याची व्हाउचरं,
खालच्या रॅकमधला गठ्ठा,
उचलला, आणि मणक्यात काहीतरी
सुतळी तुटावी तसं.
सहा आठवड्यांत भरून येईल, म्हणाले.
भरूनही आलं.
फोटो मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला,
ऑडिटवालीच्या नजरेनं.
एकही हरकत काढता येईना.

तरी दुखून राहिलंय.
(हसू नका, आमच्याकडचं मराठी आहे.
'दुखतंय' म्हणजे आत्ता.
'दुखून राहिलंय' यात मुक्काम आहे.)

मुरारची नणंद म्हणाली, मनाचे खेळ.
मन म्हणजे काय रिकामटेकडं पोर आहे,
दुपारभर माझ्या पाठीवर विटीदांडू खेळायला?

पट्टा, शेक, दतियाच्या वैद्याचं तेल.
वाकायचं नाही, उचलायचं नाही.
सगळं घर मी कमरेच्या उंचीवर आणलं,
डबे, चपला, तुळस, देवसुद्धा.
जमिनीवर माझं असं काही उरलं नाही.

कंपूतली भदौरिया डॉक्टर, माझ्या भाचीएवढी.
तिनं फोटो बाजूला ठेवला.
विचारलं, त्या महिन्यात आणखी काय चाललं होतं?
काही नाही, म्हटलं. मार्च होता.
जरा वेळानं म्हटलं, प्रमोशनची यादी लागली होती.
आणि मग, तिचा पेपरवेट फिरवत,
की धाकटा भाऊ दिल्लीहून येऊन
आईला घेऊन गेला, मला न विचारता,
आणि स्टेशनवर तिच्या पिशवीत
हंगामातलं शेवटचं गजक ठेवत
मी म्हटलं होतं, बरंच झालं.

'हेच कारण' असं काही ती म्हणाली नाही.
म्हणाली असती तर उठून आले असते.
तिनं त्यांच्या कॉलनीतल्या चौकीदाराचं सांगितलं.
एकदा चोरी झाली,
तेव्हापासून भिंतीवरून मांजर गेलं
तरी तो शिट्टी फुंकतो, पहाटेपर्यंत.
शिट्टी खरी, ताई. झोप मोडते तीही खरी.
चोर तेवढा नाही.

मग काढून टाकायचं त्याला?
छे, म्हणाली, मांजर दाखवायचं.
रोज. थोडं थोडं.

म्हणून रोज एक रिकामी वाटी
जमिनीवर ठेवते नि उचलायला वाकते.
शिट्टी वाजते.
मी मोठ्यानं म्हणते, मांजर आहे रे.
भांडी घासणारी रामश्री हात पुसत येते
आणि पलंगाखाली खरंच मांजर शोधते.

परवा दौलतगंजात गजकवाल्याशी भांडले.
पावशेर म्हणून दोनशे ग्रॅम तोलत होता,
माझ्यासमोर! माझ्या!
चांगली वीस मिनिटं, उभ्यानं, पट्टा घरी.
टेम्पोत बसल्यावर ध्यानात आलं,
तेवढा वेळ कळ कुठं होती?
आणि आठवली तशी आलीच ती,
शेजारी सरकून बसली, जरा वरमून,
उशिरा आलेल्या कारकुनासारखी.

खातं बंद झालेलं नाही.
डिसेंबरात जिना चढताना
अजून कठड्याला विचारावं लागतं.

तुळस काल खाली आणली.
देव अजून कपाटावरच.
भावाचा फोन येतो रविवारी,
वाजू देते.
तेवढं वाकणं अजून जमत नाही.